कॉलेजच्या आवारात एक गुंठा: मधमाश्या-फुलपाखरांसाठी काय लावावं?

एक_गुंठा
पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातलं कॉलेज. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. ग्रंथालयामागची ३३ बाय ३३ फुटांची जागा, म्हणजे बरोबर एक गुंठा, एनएसएसच्या मुलांना परागीभवन बागेसाठी मिळाली आहे. वर दीड फूट काळी माती, खाली मुरूम. ऊन सकाळी आठ ते दुपारी अडीच. बजेट पंधरा हजार. नळ आहे, पण त्याची चावी शिपाईमामांकडे.

प्रश्न असे:
कोणती झाडं, किती आणि किती अंतरावर? शक्यतो इथलीच हवीत.
ते बांबूच्या नळ्यांचं 'मधमाश्यांचं हॉटेल' खरंच चालतं का?
एप्रिल मध्यापासून जूनपर्यंत मुलं गावी जातात, तेव्हा पाण्याचं काय?

पाऊस दोनदा पडून गेला आहे, तेव्हा उत्तरं लवकर आली तर बरं.

शेपू
झेंडू लावा. दसऱ्याला विकून पुढच्या वर्षीचं बजेट काढा.

कोरांटी
शेपू, झेंडू मूळचा मेक्सिकोचा. आणि हजारी झेंडूत पाकळ्यांची एवढी गर्दी असते की माशीला मधापर्यंत पोचताच येत नाही. लावायचाच तर एकेरी पाकळीचा.

एक_गुंठा, झाडांच्या नावांआधी बारा महिन्यांचा तक्ता करा. रोपवाटिकेत जाऊन आज जे फुललंय ते उचलायचं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. अशी बाग सप्टेंबरात भरगच्च दिसते आणि मे महिन्यात तिथे एक फूल नसतं. मधमाशीला मात्र बाराही महिने खायला लागतं.

तुमच्या पट्ट्यात ढोबळ मानाने असं:

जानेवारी ते मार्च अडुळसा फुलतो. फुलाचा ओठ मोठ्या माशीला उतरायला पुरेसा, त्यामुळे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या तिथे हमखास. धायटीही याच दिवसांत, पण ती डोंगरउतारावरची. काळ्या मातीत पाणी साचलं की मरते.

मार्च ते मे मोठ्या झाडांचा काळ: कडुनिंब, करंज, बहावा. एका गुंठ्यात ही मावणार नाहीत, मावायची गरजही नाही. आवारात आधीच असतील. नसतील तर एक बहावा उत्तरेच्या कोपऱ्यात, म्हणजे त्याची सावली बागेवर पडणार नाही.

जून-जुलै हा खरा उपासाचा काळ. पाऊस लागला की माश्यांना बाहेर पडायला वेळ कमी आणि फुलंही कमी. इथे निर्गुडी आणि तुळस कामाला येतात. शिवाय आत्ताच तीळ पेरा. साधारण चाळीस दिवसांत फुलतो, ऑगस्टमध्ये त्याच्यावर माश्यांची रांग लागते. बी किलोभर आणू नका, शंभर ग्रॅमही उरेल.

ऑगस्ट ते डिसेंबर चिंता नाही. टाकळा, तेरडा, मग कोरांटी (नावामुळे पक्षपात होतोय, मान्य), तरवड, बोर. तरवडाची एक गंमत: त्यात मध नसतोच, नुसता पराग, तोही बंद नळीसारख्या परागकोशात. भुंगा फूल कवटाळून अंग थरथरवतो आणि पराग टोकाच्या भोकातून बाहेर उडतो. सातेरीला, म्हणजे आपल्या देशी मधमाशीला, हे जमत नाही, त्यामुळे तरवडावर ती क्वचितच दिसेल. वांगी-टोमॅटोलाही हीच थरथर लागते, हे मुलांना तिथेच उभं करून दाखवता येईल.

लावताना एक पाळा. एका जातीची पाच-सहा रोपं एकत्र, निदान एक चौरस मीटरचा ठिपका. माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. इकडे एक तिकडे एक लावलंत तर माणसाला छान वाटतं, तिची वणवण होते.

गोगलगाय
वाचतेय. तक्ता छापून भिंतीला लावला.

तात्या_रोपवाला
कोरांटीताईंनी काय लावायचं सांगितलं, मी कसं ते सांगतो. यातली निम्मी रोपं विकत घ्यायची गरजच नाही.

निर्गुडी, अडुळसा: पेन्सिलएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या. दोन डोळे मातीत, दोन वर. खालचा काप तिरका, म्हणजे उलटी लावली जात नाही. पावसात थेट जागेवर लावल्या तरी दहातल्या सहा-सात धरतात.

कोरांटी: कोवळी नको, जून नको, मधली काडी, चार-पाच इंच. पिशवीत लावा, सावलीत ठेवा.

तरवड, बहावा, टाकळा: बियांचं कवच टणक. पाणी उकळून खाली उतरवा, पाच मिनिटांनी बी टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी जे फुगलं ते पेरा. जे नाही फुगलं ते पॉलिशपेपरवर घासून पुन्हा भिजवा. बी उकळत्या पाण्यात शिजवू नका, त्याची उसळ होते.

रुई: रोप उपटून आणू नका. मूळ सरळ खोल जातं, तुटलं की संपलं. बी जागेवरच टाका. चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून रुईपाशी मुलांना हातमोजे, आणि रुई रस्त्याच्या कडेला नको.

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल. काळ्या मातीत खड्डा खोदून नुसतं शेणखत भरलं की पावसात त्याची विहीर होते आणि मुळं कुजतात. निघालेली माती दोन भाग, मुरूम एक भाग, कुजलेलं शेणखत अर्धा भाग. आणि रोप जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर. झुडपांमध्ये पाच फूट अंतर. मधून तीन फुटांची पायवाट काढलीत तर एका गुंठ्यात चोवीस-पंचवीस झुडपं बसतात, उरलेल्या जागेत तीळ-तुळस-टाकळा.

बाहेरून रोपं घेतलीत तर एकच प्रश्न विचारा: मुळाशी कुठलं आंतरप्रवाही कीटकनाशक टाकलंय का? ते रोपात मुरतं, पराग-मधात उतरतं. म्हणजे माशीला जेवायला बोलावून ताटात विष.

रानवाटसरू
बहुतेक लोक एक गोष्ट विसरतात. मध हे फुलपाखराचं जेवण झालं, अळीचं काय? अळी पानं खाते, आणि ठरावीक झाडाचीच.

रुई: प्लेन टायगर, म्हणजे बिबळ्या कडवा.
कढीपत्ता, लिंबू: कॉमन मॉर्मन, लाइम. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू केलेलं ब्लू मॉर्मनही याच कुळातल्या झाडांवर वाढतं, पण ते ओलसर भागातलं. तुमच्याकडे त्याची आशा धरू नका.
टाकळा, बहावा: एमिग्रंट, पांढरी-पिवळसर, भरभर उडणारी.
वाघाटी: कॉमन गल, पायोनियर. काटेरी वेल आहे, कुंपणावर सोडा.
कोरांटी: लेमन पॅन्सी.
बोर: छोटी ठिपकेवाली पिएरो.
घोळ: डॅनेड एगफ्लाय. भाजीला नेली तर पुन्हा फुटते.

शिवाय खुळखुळा आणि भुरुंडी. यांच्या वाळक्या काड्यांवर टायगर जातीचे नर झुंबड करतात, फुलाकडे बघतसुद्धा नाहीत. मादीला भुलवणारा गंध तयार करायला लागणारं द्रव्य त्यांना तिथून मिळतं. भुरुंडीची एक फांदी मोडून दोन दिवस उन्हात टांगून ठेवा आणि बघा.

आणि बाहेरचं काही नको. घाणेरी, कॉसमॉस, रातराणी, पानफुटी, हळदीकुंकू, सगळं परदेशी.

भुंगा०७
रानवाटसरू, या न्यायाने एकदांडीही उपटायची का? तीही अमेरिकेतलीच. पण वर्षभर फुलते, आणि पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला मे महिन्यात छोट्या फुलपाखरांना तेवढीच असते.

रानवाटसरू
उपटा असं म्हणालो नाही, लावू नका म्हणालो. एकदांडी न लावताही येतेच.

कोरांटी
मधला मार्ग. घाणेरी मुळासकट काढा. ती पसरते आणि खाली काही उगवू देत नाही. एकदांडी पायवाटेच्या कडेला राहू द्या. कॉसमॉसवर पैसे घालू नका, दोन महिन्यांत खेळ खलास आणि त्याच्या पानांवर कुणाची अळी वाढत नाही. पानफुटीच्या बाबतीत मी ढिली आहे. मादागास्करची आहे खरी, पण रेड पिएरोने ती आपलीशी केली आहे. कुंडीत एक असू द्या.

शेपू
कढीपत्ता लावताय तर कँटीनला कळू देऊ नका. अळीच्या आधी फोडणी पोचेल.

गोगलगाय
शेपू +१. आमच्याकडे पाटी लावली आहे: 'या झाडाची पानं अळ्यांसाठी राखीव'. आता मावशी पानं तोडायच्या आधी वाकून अळी आहे का बघतात. नसेल तर नेतात.

सकाळचा_चहा
सगळं ठीक, पण अशी बाग मरते ती ग्रासकटरने. देखभालीच्या ठेकेदाराला महिन्यातून एकदा 'आवार स्वच्छ' करायचं असतं. त्याच्या दृष्टीने टाकळा, खुळखुळा, भुरुंडी, घोळ, रुई म्हणजे पाच प्रकारचं तण. त्यात नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी) समिती येणार असेल तर आदल्या आठवड्यात सगळं भुईसपाट. हिरवं आवार दाखवायला हिरवं कापायचं!

यावर तोंडी सांगून भागत नाही. प्राचार्यांच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र, त्याला बागेचा नकाशा जोडलेला, एक प्रत ठेकेदाराला, एक शिपाईमामांना. बागेच्या चारी कडांना नऊ इंचांची विटांची ओळ. कडा रेखीव असली की आतला गबाळेपणा मुद्दाम केलेला वाटतो. आणि पाट्या. 'परागीभवन उद्यान' वगैरे नको. 'हे तण नाही. कापू नये. छाटणी जानेवारीत विद्यार्थी करतील.'

कापणी वर्षातून एकदा, बी पडून गेल्यावर, जानेवारीत. तीही एका वेळी एक तृतीयांश. काड्या जमिनीपासून फूटभर ठेवा. भेंडाच्या काड्यांत बारीक माश्या घरं करतात.

भुंगा०७
हॉटेलचा प्रश्न तसाच राहिला. चालतं, पण बाजारात मिळतं तसं नाही. त्यात पाइनची फळं, भुसा, जाळी असं काहीबाही कोंबलेलं असतं. त्याचा उपयोग झुरळांना.

बांबूच्या नळ्या, आतला व्यास सहा ते दहा मिलिमीटर, लांबी पंधरा सेंटीमीटर. एका टोकाला गाठ हवीच. दोन्हीकडून उघडी नळी कुणी घेत नाही. तोंड पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करा, कूस राहिली तर पंख फाटतात. पंचवीस-तीस नळ्यांची एकच मोळी, छातीएवढ्या उंचीवर, पूर्वेला तोंड करून, वर तीन इंच पुढे आलेलं पत्र्याचं छप्पर. दोरीने टांगू नका. वाऱ्यावर हलणारं घर नको असतं त्यांना. खांबाला घट्ट आवळा.

आता भाडेकरू ओळखा. तोंड मातीने लिंपलेलं असेल तर बहुधा कुंभारीण गांधीलमाशी. तीही राहू द्या, बाळांसाठी अळ्या वेचते. चकचकीत राळ असेल तर राळेची माशी. हिरव्या पानांच्या चकत्या एकावर एक चिकटवलेल्या असतील तर पान कापणारी माशी. तिचा पुरावा आधी गुलाबावर दिसतो: पानाच्या कडेला करवतीने कापल्यासारखे नीट अर्धगोल, रुपयाच्या नाण्याहून लहान. ते बघून माळी औषध मारतो. मारू देऊ नका. तिने पान खाल्लेलं नसतं, घरी अस्तराला नेलेलं असतं.

दर वर्षी नळ्या बदला. रिकामी झालेली नळी तशीच ठेवली की आत बारीक कोळी (माइट) आणि बुरशी होते आणि पुढच्या वर्षीची पिल्लं मरतात. बहुतेक हॉटेलं दुसऱ्या वर्षी ओस पडतात ती याच कारणाने.

पण एक लक्षात घ्या. जगातल्या मधमाश्यांच्या सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बिळं करतात, नळ्यांत नाही. त्यांच्यासाठी उघडी जमीन लागते. तुमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात बीळ टिकत नाही. मुरूम, वाळू आणि पोयट्याची माती समप्रमाणात घेऊन तीन बाय पाच फुटांचा, फूटभर उंच ओटा करा, दक्षिणेला उतार द्या, चांगला चोपा आणि तिथे काहीही लावू नका. पाचटाचं आच्छादन बाकी बागेला तीन-चार इंच घाला, ओट्यावर काडीसुद्धा नको. कुणीतरी हौसेने तिथे रोप लावणार, हे गृहीत धरा.

वसतिगृह_अधीक्षक
बाग झाली की आग्या मोहोळ येईल आणि मुलांना चावेल, ही भीती आमच्या बैठकीत हमखास निघते. त्यावर काय सांगायचं?

भुंगा०७
आग्या माशी फुलं बघून बिऱ्हाड करत नाही, उंची बघून करते. पाण्याची टाकी, चौथ्या मजल्याचा सज्जा, वडाची फांदी. खायला ती काही किलोमीटर जाते. तुमचा गुंठा असो नसो, यायची तेव्हा येईल. सातेरी पोकळीत राहते, फुलोरी झुडपात तळहाताएवढं एकच पोळं करते, पोया माशीला तर डंखच नाही. फुलावर बसलेली माशी आपल्या कामात असते. डंखाची भीती पोळ्यापाशी.

पोळं असेल तर दगड, धूर, फटाके आणि पतंगाचा मांजा लांब ठेवा. जाळायला तर अजिबात देऊ नका. मोहोळं हंगामी असतात, आपणहून उठून जातात. तोवर खालची वाट बंद करा. काढावंच लागलं तर जिवंत हलवणारे प्रशिक्षित लोक असतात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा. डंख झाला तर काटा नखाने ताबडतोब खरवडून काढा, मग बर्फ. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा डंख बरेच असतील तर वाट न बघता दवाखाना.

ठिबक
सुटीतल्या पाण्याचं कुणीच बोललं नाही. बजेट तिथेच जायला हवं.

पाचशे लिटरची टाकी, दोन मीटर उंच मांडवावर. तेवढ्या उंचीचा दाब जेमतेम ०.२ बार, त्यामुळे दाब-नियंत्रित ड्रिपर घेऊ नका, ते त्या दाबाला नीट चालत नाहीत. साधे, तासाला ४ लिटरवाले घ्या. पण त्यांच्यावरचा ४ हा आकडा पूर्ण दाबाचा. तुमच्याकडे निम्म्याच्या आसपास मिळेल. म्हणून झुडपाला दोन ड्रिपर. चोवीस झुडपांना तीन तासांत साधारण तीनशे लिटर. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा. टाकीत तरंगता व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे नळ उघडा ठेवला तरी सांडत नाही. टाकीच्या तोंडाशी गाळणी.

काय बिघडतं: बोअरचं पाणी असेल तर दोन महिन्यांत क्षार बसून ड्रिपर तुंबतात. सुटीआधी एकेक काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. दुसरं, खारी. उन्हाळ्यात त्या पाण्यासाठी नळी कुरतडतात. नळी पाचटाखाली ठेवा आणि बाजूला पाण्याचं भांडं.

पैसे कमी पडले तर मडकी. बिनरंगाचं पाच लिटरचं मडकं दोन झुडपांच्या मधे गळ्यापर्यंत पुरायचं, वर झाकण. आठवड्याला एकदा भरलं तरी धकतं. काळी माती हळूहळू ओढून घेते. तिसऱ्या वर्षी तरवड, रुई, निर्गुडी यांना काहीच लागणार नाही.

गोगलगाय
ते पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात गोटे हवेत, नाहीतर माश्या बुडतात. दर तीन दिवसांनी ओता. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, तेवढा वेळ देऊ नका, नाहीतर डेंग्यूच्या नावाने बागच बंद होईल. आणि धूरफवारणीची गाडी आवारात येणार असेल तर ती संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर येऊ दे, आणि बागेपासून लांब.

शेपू
अवांतर: घरी तुळशीच्या मंजिऱ्या खुडायला सांगतात. इथे काय?

कोरांटी
अर्ध्या खुडा, अर्ध्या ठेवा. खुडलेल्या झाडाला महिन्याने नवीन मंजिऱ्या येतात, तोवर उरलेल्या फुलत असतात. अवांतर नव्हतं हे, चांगला प्रश्न होता. तब्येत बरी आहे ना?

रानवाटसरू
मोजणीही आतापासूनच सुरू करा. बाग नसतानाचा आकडा पुन्हा मिळत नाही. दर पंधरा दिवसांनी, कोरड्या उन्हाच्या दिवशी, नऊ ते अकराच्या दरम्यान. एक चौरस मीटरचा ठिपका, दहा मिनिटं, फुलाला टेकलेलाच कीटक मोजायचा. जाती ओळखत बसू नका. आठ रकाने पुरे: आग्या, सातेरी, फुलोरी, पोया, भुंगा, इतर माश्या, फुलपाखरं, बाकीचे. शेजारी फुलाचं नाव आणि किती फुलं उघडी होती ते. फुलांची संख्या लिहिली नाही तर आकड्याला अर्थ नाही. एकच गट वर्षभर मोजत असेल तर उत्तम, नाहीतर प्रत्येक नवीन मुलाने पहिल्या दोन वेळा जुन्याबरोबर मोजावं.

एक_गुंठा
सगळ्यांचे आभार. यादी अशी केली आहे: निर्गुडी ४, अडुळसा ५, तरवड ५, कोरांटी ६, कढीपत्ता २, लिंबू १, बोर १. झाली चोवीस. रुईचं बी दोन ठिकाणी, वाघाटी कुंपणाला, बहावा कोपऱ्यात. मोकळ्या जागेत तीळ, तुळस, टाकळा, खुळखुळा, घोळ. ओटा नळापासून लांबच्या कडेला. हॉटेल पुढच्या वर्षी. नऊ हजार टाकी-ठिबकला, बाकी विटा, खत, पाट्या. काही चुकतंय का?

तात्या_रोपवाला
बोर कडेला घ्या, काटे पायवाटेवर येतात. आणि कलमी नको, गावठी.

कोरांटी
टाकळा थोडाच. तो एकदा आला की दर वर्षी येतो, तुळशीला दाबतो. बी पडायच्या आधी निम्मा उपटून खड्ड्यात घाला.

ठिबक
यादी ठीक आहे. पण नळाची चावी अजून शिपाईमामांकडेच आहे, आणि मे महिन्यात तेही गावी जातात. आधी दुसरी चावी करून घ्या.

एक_गुंठा
विचारलं. ते म्हणतात कुलूपच मोडलंय, नळ पान्याने उघडतो.

शेपू
मग पान्याला बजेट.